दुसऱ्यासाठीं शब्द टाकणें
(महोत्सवाच्या वर्षीं तळीये येथें जमलेल्या ख्रिस्तजनांपुढें झालेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें भक्तीवर बोलावें अशी अपेक्षा असते. आज मी पोटापाण्याविषयीं बोलणार आहें. आपल्यांतील तरुण माझ्याकडे येतात ते बहुधा एकच विनंती घेऊन येतात : "फादर, कोठें ओळख असेल तर शब्द टाका." या विनंतीचा विचार धर्माच्या दृष्टीनें झाला पाहिजे, कारण शब्द टाकणें हें पुण्यकर्म होऊं शकतें, तसें पापहि होऊं शकतें.

ही महाड-पोलादपुराची भूमि. डोंगरउतारावरील नाचणी-वरी आणि खांचरांतील भात एवढ्यावर येथील घर चालत नाहीं. म्हणून कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आला. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीच्या उभारणीस आरंभ केला. पुढें गिरण्या वाढल्या, तसा गिरणगांवांत कोंकणचा माणूस वाढला. गांवच्या एखाद्या माणसाचें नांव आणि त्याच्या चाळीचा पत्ता, एवढेंच त्याचें भांडवल. गांवकीच्या खोलींत वळकटी टाकण्यापुरती जागा, खाणावळींत उधारीचें जेवण, आणि गिरणीच्या दाराशीं गांववाल्यानें जॉबरापुढें टाकलेला शब्द, यांवर कित्येकांचा संसार उभा राहिला. गोव्याच्या कॅथलिक बांधवांनीं धोबीतलाव व माझगांव भागांत आपापल्या गांवाच्या नांवानें 'कूड' चालविले. बोटीवरील नोकरीची वाट पाहणारा खलाशी तेथें आपली पेटी ठेवी, सायंकाळीं सर्वांबरोबर जपमाळेची प्रार्थना करी, आणि सफरीवरून परतलेल्या गांववाल्यांकडून नव्या नोकरीची बातमी मिळवी. परक्या शहरांत आलेल्या मुलाची भाकरी आणि श्रद्धा अशा रीतीनें एकाच छपराखालीं सांभाळली गेली.

परंतु या वाटेवर कांटेहि होते. जॉबर आपल्या हाताखालचीं माणसें स्वतःच नेमी व काढी, आणि कामावर घेण्यासाठीं दस्तुरी उकळी. १९३१ सालच्या मजूरविषयक शाही आयोगाच्या अहवालांत या पद्धतीवर कडक टीका झाली. त्याहून मोठा अन्याय विणखात्यांत होता. तेथें मजुरी अधिक; पण धोट्यांत सूत ओवतांना तें तोंडानें ओढून घ्यावें लागे. विटाळाच्या या सबबीवर, अस्पृश्य लेखलेल्या कामगारांस त्या खात्यांत प्रवेश नव्हता. मार्च १९२७ मध्यें याच महाडास चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सत्याग्रह केला. पुढच्याच वर्षीं, गिरणीसंपाच्या काळांत, विणखात्याच्या बंद दाराचा प्रश्नहि त्यांनीं मांडला. आपलीं माणसें आपल्या माणसांस आंत घेतात, हें ऐकावयास गोड वाटतें. पण ज्याचें आंत कोणीच नाहीं, तो बाहेर उभाच राहतो. आजहि आपल्या शेजारचे कातकरी बांधव मुकादमाच्या ओळखीनेंच वीटभट्टीवर जातात. पण हंगामापूर्वीं घेतलेली उचल पुष्कळदां त्यांच्या गळ्यांतील फांस होते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला, तरी उचलीचें ओझें उतरलेलें नाहीं.

मग ओळख वापरावी कशी? पवित्र शास्त्राकडे पाहूं. शौल मनःपरिवर्तनानंतर यरुशलेमास आला, तेव्हां शिष्य त्याला भीत होते. कालचा छळ करणारा आज शिष्य झाला, यावर कोणाचा विश्वास बसेना. बर्णबानें त्याला प्रेषितांकडे नेलें आणि दमास्कसच्या वाटेवर व त्या नगरांत जें घडलें तें त्यांस सांगितलें. पुढें त्याच पौलानें अनेसिम या दासासाठीं त्याच्या धन्यास, फिलेमोनास, पत्र लिहिलें. अनेसिमाचें कांहीं देणें असेल तर तें माझ्या नांवावर मांडा, असें कळविलें. पहिल्यानें खरी साक्ष दिली, दुसऱ्यानें स्वतःस जामीन ठेविलें. वशिल्यांत या दोन्ही गोष्टी नसतात.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों.

ओळख मागण्यांत लाज नाहीं. पण आधीं माहिती मागावी. "मला कोठेंहि चिकटवा" म्हणणाऱ्यास साह्य करणें कठीण. "मला वेल्डिंग येतें, आयटीआयचा दाखला आहे, महाडच्या औद्योगिक वसाहतींत असें काम कोठें असतें, कोणास भेटावें?" असें विचारणाऱ्यास उत्तर देतां येतें.

दूरच्या ओळखीस क्षुल्लक मानूं नये. अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें कीं, ओळखींतून नोकरी मिळविणाऱ्यांपैकीं बहुतेकांस ती बातमी नेहमींच्या सोबत्यांकडून न मिळतां अधूनमधून किंवा क्वचित् भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. शेजाऱ्यास बहुधा आपल्याइतकेंच ठाऊक असतें. म्हणून जुने शिक्षक, बहिणीच्या सासरचीं माणसें, पूर्वींचे सहकारी, यांस अवश्य भेटावें.

शब्द टाकणाऱ्यानें खोटें बोलूं नये. आळशास कष्टाळू म्हटलें, कीं आपल्या मागून येणाऱ्या प्रामाणिक मुलाचें दार आपणच लावलें. आणि ज्याच्यासाठीं शब्द टाकला त्यानें तो राखावा. काम मिळो वा न मिळो, काय झालें तें परत येऊन सांगावें.

ओळखीबद्दल पैसा देऊं नये, घेऊं नये. आखाती देशांत नोकरी देतों म्हणणारा कोणी भेटला, तर सरकारदरबारीं त्याची नोंदणी आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. अशी नोंदणी १९८३ च्या कायद्यानें आवश्यक केली आहे. ती पाहिल्याविना पैसा वा पासपोर्ट त्याच्या हातीं देऊं नये.

शेवटीं, हें सारें तळीये येथेंच कां बोलावें? २२ जुलै २०२१ रोजीं या गांवावर दरड कोसळली आणि ऐंशींहून अधिक जीव गेले. घरें पुन्हां बांधतां येतात. पण कर्ता माणूस जातो, तेव्हां त्याच्या आयुष्यभराच्या ओळखीहि त्याच्याबरोबर जातात. कोणत्या कारखान्यांत कोण आहे, मुंबईंत कोणाच्या खोलीवर उतरावें, हें त्या बापासच ठाऊक होतें. त्याच्या मुलासाठीं आतां शब्द कोणी टाकावा? ज्याच्यासाठीं बोलणारें कोणी उरलें नाहीं, त्याच्यासाठीं बोलणें हें ख्रिस्तजनाचें पहिलें कर्तव्य आहे.

म्हणून महोत्सवाची स्मृति म्हणून आपल्या धर्मग्रामांत एक वही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. नोकरीस असलेल्यांनीं आपलें नांव, काम व ठिकाण तींत लिहावें; काम शोधणाऱ्यांनीं आपलें शिक्षण व हातचें कसब लिहावें. पहिला शब्द पोरक्या मुलासाठीं, विधवेसाठीं आणि कातकरी बांधवासाठीं पडावा; त्याचा धर्म कोणता हें विचारूं नये. ज्याला या वहींतून काम मिळेल, त्यानें पुढें दुसऱ्या एकासाठीं शब्द टाकावा, एवढीच परतफेड.

ज्या प्रभूनें स्वतः सुताराच्या घरीं काम शिकून घेतलें, तो आपल्या हातांस काम व मुखास सत्य देवो. आमेन.