सल्ल्याचं अनुदान

 विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आज हाती आलेलं पदवी प्रमाणपत्र तुमच्यातल्या कित्येकांच्या घरातलं पहिलंच असेल. त्याच घरात पत्र्याच्या पेटीत आणखी एक कागद असतो, वनहक्काच्या दाव्याचा. 2006 च्या कायद्यानं, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा फेटाळला, तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायची. पुरावे दोन लागतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हासुद्धा पुरावा धरतात. एवढं वेळेवर सांगणारं कुणी भेटत नाही, आणि मुदत निघून जाते. वकिलाची गरज पुढे पडते. आधी लागतो तो कागद वाचून “आजी, ही तारीख चुकवू नका” म्हणणारा माणूस.

त्या माणसाचा पगार कुणी द्यायचा, एवढंच मला आज बोलायचं आहे.

पैशाअभावी कुणाचा न्याय अडू नये, ही जबाबदारी 1976 च्या घटनादुरुस्तीतून आलेल्या राज्यघटनेच्या 39-अ कलमानं सरकारवर टाकली आहे. त्यातून आलेला 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 मध्ये लागू झाला. आदिवासींना, स्त्रियांना, बालकांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण त्याच कायद्याचं चौथं कलम स्वयंसेवी संस्थांना विशिष्ट योजनांसाठी अनुदान द्यायला सांगतं, ते सहसा कुणी उघडत नाही. होतं काय, तर शिबिर भरतं, फोटो निघतो, उपयोगिता प्रमाणपत्र जातं आणि मार्चअखेर होते. जमिनीचं भांडण मार्चअखेर बघून मिटत नाही.

आता अडचणीचा प्रश्न. इथल्या, अकोले तालुक्यातल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा वनखात्याशी, महसुलाशी, नाहीतर राजूरच्याच आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी असते. ज्या खात्याविरुद्ध अर्ज लिहायचा, त्याच खात्यानं अनुदानाचा हप्ता द्यायचा असेल, तर संस्थेची लेखणी जड होणारच. कायदा करणाऱ्यांनी यावर तोड काढून ठेवली आहे. विधी सहाय्य निधी प्राधिकरणांच्या हाती असतो. तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष न्यायाधीश असतात. असे कागद वाचून देणाऱ्या सल्ला केंद्राचा पैसा याच वाटेनं यावा, निदान पाच वर्षांसाठी यावा आणि पगारासाठी यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब मात्र पै-पैचा घ्या. अनुदान येताच पुतण्या-भाच्यांना नोकरीला लावणाऱ्या संस्थाही आपण पाहिल्या आहेत! खर्चाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला, तर निम्मे रोग बरे होतील.

देवगावचे राघोजी भांगरे याच मुलखात सावकारी आणि इंग्रजी अंमलाविरुद्ध उठले, आणि 1848 साली ठाण्याला फासावर गेले. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ नये असा कायदा आज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं ते 36-अ कलम गावात किती जणांना माहीत आहे, हे तुम्हीच विचारून पाहा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं. त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. मानधन तुटपुंजं आहे, हे आधीच सांगतो. अकोले तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा, अर्ज भरा. आणि तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत राजूरला कायम सल्ला केंद्र हवं, असा ठराव मांडा.