शब्दाचे घर विचारा



आपल्या गावाचे नाव शेलार. पोवाड्यात आपण शेलारमामांचे नाव ऐकतो. १६७० साली सिंहगडावर तानाजीबरोबर लढले ते शेलारमामा. मग आपले गाव त्यांचे का? नाव एक आहे, एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. दोन गावांत दोन गणपत असले, म्हणून ते काही भाऊ ठरत नाहीत.

शब्दांचेही तसेच आहे. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

आधी आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक होतो. एके दिवशी उत्तर प्रदेशातला एक कारागीर मुलाला घेऊन शाळेत आला. यंत्रमागावर रात्रपाळी करून तो तसाच आला होता. हात जोडून म्हणाला, "मास्टरजी, इसे अच्छी शिक्षा दीजिए."

दाराशी आमची मुले उभी होती. मधल्या सुटीत ती त्या पोराला म्हणाली, "तुझ्या बापाने तुला चांगली शिक्षा द्यायला सांगितलंय!" पोर आपल्याच गल्लीत वाढलेले. खेळापुरती मराठी त्याला येत होती. ते घाबरले. तीन दिवस शाळेत आलेच नाही. चौथ्या दिवशी कळले, पोर कांड्या भरायला बसले आहे.

आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. बाप म्हणाला, "मैंने तो पढ़ाई की बात कही थी." तेव्हा कुठे उलगडा झाला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. मूळ मात्र एकच. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे. आपणही रागाच्या भरात म्हणतोच ना, "त्याला चांगला धडा शिकवतो"? तशीच ही गत. एका आईची दोन लेकरे, एक शाळेत गेले आणि एक चौकीत!

पोर परत शाळेत आले. पण खरे सांगायचे तर चूक आमचीही होती. आम्ही त्याच दिवशी त्याला जवळ घेऊन समजावले असते, तर त्याचे तीन दिवस गेले नसते.

आता दुसरा प्रकार पाहा. रूप एक, पण घराणी वेगळी.

आपण दुकानात पाव किलो साखर घेतो. चहाबरोबर पाव खातो. देवाला म्हणतो, "देवा, मला पाव." तीन वेळा पाव. पण हे तिघे भाऊ नव्हेत.

पाव किलोतला पाव आला संस्कृत 'पाद' या शब्दावरून. पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. हिंदी माणूस पायाला 'पाँव' म्हणतो, तो याचाच सख्खा भाऊ.

खायचा पाव मात्र समुद्रापलीकडून आला. तो पोर्तुगीजांचा शब्द. आपल्या शेजारची वसई १७३९ सालापर्यंत त्यांच्याकडे होती. कोणी म्हणतात, पीठ पायांनी तुडवतात म्हणून तो पाव. तसे नाही. त्या नावाचा पायाशी संबंध नाही.

देव पावतो, तो पाव आणखी तिसरा. तो आला संस्कृत 'प्राप्' वरून. प्राप् म्हणजे मिळणे, पोहोचणे.

आता आपल्या पोटापाण्याचा शब्द घेऊ. माग. मागावर कापड विणतात. चोराचा माग काढतात. आई लेकराला म्हणते, "हवं ते माग."

मार्ग म्हणजे वाट. त्याचे प्राकृतात झाले 'मग्ग' आणि मराठीत झाले 'माग'. वाट शोधत जाणे म्हणजे माग काढणे. मागणेही त्याच घरातले. बुद्धाने दाखवलेल्या वाटेला पाली भाषेत मग्गच म्हणतात.

पण तेलंगणातून भिवंडीत आलेल्या पद्मशाली विणकराला विचारा. तो कापडाच्या मागाला म्हणतो 'मग्गम'. कानडी विणकर म्हणतो 'मग्ग'. आपला कापडाचा माग या घरातला दिसतो. म्हणजे मग्ग हा शब्द एकाच्या तोंडी वाट, तर दुसऱ्याच्या तोंडी हातमाग! दोघेही खरेच बोलतात.

हे सारे कशाला सांगितले? भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती बोलणारी माणसे एका नळावर पाणी भरतात. एखादा शब्द कानाला खटकतो. लगेच आवाज चढतो. अशा वेळी थोडे थांबावे आणि विचारावे, "भाऊ, तुमच्यात याचा अर्थ काय?" विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्याने मात्र एका पोराची शाळा सुटत होती.

आता तुम्ही वाचू लागला आहात. पाटी वाचाल, कागद वाचाल. शब्द ओळखीचा दिसला, तरी तो कोणाचा, कुठला, याचा आधी माग काढा. मगच अंगठ्याऐवजी सही करा.