न मिटलेले खाते
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा गोषवारा)



संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास इतिवृत्तांच्या वहीत सुरक्षित आहे. परंतु ज्या कुटुंबांच्या दानातून संस्था उभी राहते, त्या कुटुंबांचा इतिहास बहुधा कोठेच लिहिलेला नसतो. मारवाडातून वा गुजरातेतून महाराष्ट्रात स्थिरावलेल्या बहुतेक जैन घरांत एकच कथा ऐकू येते : पणजोबा लोटा-दोरी घेऊन आले आणि कष्टाने दुकान उभे केले. कथा खोटी नसते. मात्र ती अपुरी असते.

पूर्वजांचा शोध घेणाऱ्यास प्रथम जनगणनेची आठवण होते. भारतात 1881 पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी सर्वत्र शिरगणती होऊ लागली. जैनांची संख्याही तीत स्वतंत्रपणे नोंदली गेली. 2011 च्या गणनेत देशातील जैनांची संख्या 44,51,753 भरली. त्यांपैकी सुमारे 14 लाख महाराष्ट्रातील होते. तथापि या कोष्टकांत समाज दिसतो, माणूस दिसत नाही. 1948 च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरच्या नोंदी गोपनीय असतात. ब्रिटनमध्ये अशा नोंदी शंभर वर्षांनी खुल्या होतात व तेथे 1921 चे तक्ते 2022 मध्ये लोकांस पाहावयास मिळाले. येथे तो मार्ग नाही.

म्हणून अन्य साधनांकडे वळावे लागते. शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, जमिनीचे फेरफार, भाटांच्या व वहीवंच्यांच्या वह्या आणि सर्वांत महत्त्वाच्या म्हणजे दुकानाच्या रोजकीर्दी व खतावण्या. या वह्या वाचणे सोपे नाही. महाजनी लिपीत काना-मात्रा गाळण्याची रीत होती. ‘काकाजी अजमेर गये’ हा निरोप ‘काकाजी आज मर गये’ असा वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट जुन्या पेढ्यांवर सांगितली जाई, ती याच कारणाने. तिथींचाही घोटाळा होतो. विक्रम संवतातून 57 वा 56 वजा केल्यास इसवी सन मिळतो. परंतु गुजरातेत वर्ष कार्तिकात बदलते, तर उत्तरेकडे चैत्रात. शिवाय राजस्थानातील महिना पौर्णिमेला संपतो आणि महाराष्ट्रातील अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षाच्या महिन्याचे नावच भिन्न पडते. मारवाडचा ‘छप्पनिया’ दुष्काळ म्हणजे संवत 1956, अर्थात 1899-1900, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी वृद्धांच्या पुष्कळ आठवणी सनावळीत बसविता येतात.

पुणे आणि नगर भागातील अनेक घरांत 1875 पूर्वीच्या वह्याच आढळत नाहीत. त्या वर्षी मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. त्यात मारवाडी व गुजराती सावकारांची कर्जखते आणि वह्या जाळल्या गेल्या. पूर्वजांच्या सावकारीचा हा भाग सांगताना संकोच वाटतो; पण ज्या धर्मात सत्य हे महाव्रत आहे, त्या धर्माच्या अनुयायांनी तो वगळून वंशेतिहास लिहिणे शोभत नाही.

समाजातील एका कुटुंबाचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. त्या घरात एक जुने छायाचित्र होते. स्टुडिओचा रंगविलेला पडदा, मध्यभागी खुर्चीवर पगडीधारी आजोबा, भोवती मुले आणि अगदी मागे, डोक्यावरून पदर घेतलेली एक स्त्री. इतरांची नावे सर्वांस ठाऊक होती. तिचे नाव कोणासच सांगता येईना. वंशवृक्षावर पाच पिढ्यांचे पुरुष होते. तेथे तिचा शोध लागणे शक्यच नव्हते.

अखेर नव्वदीला पोहोचलेल्या आत्याबाईंपुढे ते छायाचित्र धरले गेले. त्यांची स्मृती पुष्कळ अंधुक झाली होती. समोरच्या नातवंडांची नावे त्या विसरत. छायाचित्र मात्र त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “ही तर आमची भुवा. हिच्या हातचं जेवून आम्ही वाढलो.” त्यांनी नाव सांगितले. 1918 च्या मानमोडीच्या साथीत पती गेला आणि ती पंधराव्या वर्षी माहेरी परतली, एवढेही त्यांस आठवत होते.

ते नाव घेऊन घरातील तरुणांनी संवत 1975 ची खतावणी उघडली. त्या नावाचे स्वतंत्र खाते निघाले. दागिने मोडून आलेली रक्कम तेथे जमा होती. साथीनंतर बंद पडू पाहणारे कापडाचे दुकान त्याच रकमेवर पुन्हा सुरू झाले होते. पुढील प्रत्येक वर्षाच्या वहीत ती बाकी पुढे ओढली गेली. नावे बाजूस एकही आकडा नव्हता. वह्या संपल्या, खाते मिटले नाही. ज्या दुकानाने तीन पिढ्यांना शिकविले, त्याच्या भांडवलदार भुवाबाई होत्या आणि घर त्यांचे नावही विसरले होते.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, शेकडो वर्षांपूर्वीच्या धातुप्रतिमांवरील लेखांत श्रावकाच्या नावासोबत ‘भार्या’ म्हणून पत्नीचे आणि अनेकदा मातेचेही नाव कोरलेले आढळते. प्राचीनांनी जे नाव धातूवर कोरले, ते अर्वाचीनांनी कागदावरही लिहिले नाही.

त्या कुटुंबाने वंशवृक्ष नव्याने काढविला. त्यात लेकी, सुना आणि भुवाबाईही आल्या. रकमेची परतफेड आता कोणास करणार? तेव्हा तिच्या नावे एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च दरवर्षी उचलण्याचे ठरले. नावे बाजूस पहिला आकडा पडला.

प्रत्येक घरास हे काम करता येईल. छायाचित्रांच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे, नाते व अंदाजे वर्ष लिहावे. चिकट पानांच्या अल्बममधून जुनी छायाचित्रे काढून घ्यावीत आणि त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. वह्या रद्दीत देण्यापूर्वी लिपी जाणणाऱ्यास दाखवाव्यात. सर्वांत निकड आहे ती वृद्धांकडे, विशेषतः वृद्ध स्त्रियांकडे बसण्याची. कारण कागद वर्षभर थांबू शकतो, स्मृती थांबत नाही.

संवत्सरीला सारे कुटुंब क्षमापनेसाठी एकत्र येते. ‘मिच्छामि दुक्कडम्’ जिवंतांना म्हटले जाते. त्या दिवशी जुने छायाचित्रही मध्ये ठेवावे आणि ज्यांची नावे विसरली गेली, त्यांचीही क्षमा मागावी.

जय जिनेंद्र.