अठरानंतरची सात वर्षे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हा विषय मी बैठकीत सुचवला तेव्हा दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला, आणि एक वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, लग्न झालं की ज्याचं त्याला कळतं." काकूंचा मान राखून मला एवढेच सांगायचे आहे की, कळत नाही. कळत असते तर लग्नानंतर महिन्याभरात माहेरी परत आलेल्या आणि कारण कोणालाच न सांगणाऱ्या मुली आपल्या आळीत दिसल्या नसत्या.

माझे माहेर दौंडचे, सासर शिरूरचे. दोन्हीकडची तरुण मुले मी रोज बघते. दौंडची मुले पहाटेच्या गाडीने पुण्याला कॉलेजात नाहीतर कामाला जातात. इकडे रांजणगाव, कारेगावला कारखान्यांत कामाला लांबलांबच्या जिल्ह्यांतून मुलेमुली येतात आणि चौघे-चौघे एका खोलीत राहतात. वय अठरा, एकोणीस, वीस. डोक्यावर वडीलधारे कोणी नाही, खिशात पहिला पगार, हातात मोबाइल. आणि मोबाइलवर जे घाणेरडे बघायला मिळते, तेच त्यांचे शिक्षक! त्यात लाज नाही, प्रेम नाही, समोरच्या बाईचा होकार तर मुळीच नाही.

आता मला जे समजले ते माझ्या भाषेत सांगते. मुलीचे अंग बाराव्या-तेराव्या वर्षी मोठे होते, मुलाचे त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. कायदा मुलीला अठराव्या वर्षी आणि मुलाला एकविसाव्या वर्षी लग्नाला योग्य धरतो. ही वये १९७८ साली ठरली. पण डोक्यातला जो भाग थांब म्हणतो, पुढचे बघ म्हणतो, तो कपाळाच्या मागे असतो आणि तो सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास तयार होतो. डाळिंबाच्या बागेत नको त्या फांद्या छाटतात ना, तसे मेंदूतले न वापरलेले धागे या वयात गळतात, आणि जे राहतात त्यांच्यावर विजेच्या तारेवर असते तसे आवरण चढते. मग निरोप लवकर पोचतो. ओढ, हौस, राग हे मात्र आधीच जागे झालेले असतात. बैल जुंपून झाला आणि कासरा अजून वळायचाच आहे, अशी ती गत.

पण म्हणून ही मुले बिनडोक असतात असे नव्हे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी शांत बसवून विचारली तर मोठ्या बाईसारखा विचार करते. फरक पडतो तो तापल्या वेळी. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली गाडी चालवण्याचा एक खेळ लावून बघितला. १३ ते १६, १८ ते २२, आणि २४ च्या पुढचे, असे तीन गट केले. दोस्त शेजारी बसले की धाकट्या दोन्ही गटांनी जास्त धोका पत्करला. मोठ्यांवर तसा परिणाम दिसला नाही. मला हे वाचून नवल वाटले नाही. यात्रेत मोटारसायकलवर तिघे-तिघे बसलेली पोरे कोणी पाहिली नाहीत?

इथे कोणी म्हणेल, मग पंचविशीपर्यंत त्यांना काही ठरवूच देऊ नका, आईबाप ठरवतील. हे मला मान्य नाही. पोहायला शिकेपर्यंत पाण्यात उतरू नको, असे कोणी म्हणते का? ठरवता ठरवताच अक्कल पिकते. जवळ विचारायला माणूस मात्र पाहिजे.

आपल्या दौंड तालुक्यातच केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, त्यांचे लहानपणी लग्न केले नाही, संस्कृत शिकवले. लोकांनी नावे ठेवली. पुढे १८८० साली, बावीस वर्षांच्या असताना, रमाबाईंनी आपल्या विचाराने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेही जातीबाहेर. दोन वर्षांतच पती गेले, पदरात लहान मुलगी. तरी त्या कोणाच्या दारात रडत बसल्या नाहीत. त्यांनी शेकडो मुलींना आसरा दिला, त्यांत किती बालविधवा होत्या! आणि मुंबईच्या रखमाबाईंचे बघा. अकराव्या वर्षी लग्न लागले, तेव्हा त्यांना कोणी विचारले? विशीच्या उंबरठ्यावर मात्र त्यांनी नांदायला जायला नकार दिला, १८८७ साली कोर्टाने जा नाहीतर तुरुंगात जा म्हटले, तेव्हा तुरुंग पत्करते म्हणाल्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या. अकराव्या वर्षीची मुलगी आणि विसाव्या वर्षीची मुलगी एकच असते का?

तरीही सरकारच्या २०१९-२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायकांपैकी बावीसजणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. ऊसतोडीला जोडीनेच काम मिळते म्हणूनही मुलीचे लग्न लवकर उरकतात. आपल्याकडे गाळपाच्या दिवसांत पालांवर कडेवर मूल घेतलेल्या त्या पोरी दिसतात.

मुलांविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण त्यांच्याशी तर कोणीच बोलत नाही. झोपेत कपडे ओले होणे हा आजार नाही. हाताने केल्याने ताकद जात नाही की पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. पण भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती वाचून किती पोरे भितात आणि पगार भोंदूंच्या पुड्यांत घालवतात! महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचक पत्राने प्रश्न विचारीत, ते उत्तर देत. त्यासाठी त्यांना कोर्टात खेचले. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. इतक्या वर्षांनी पोरे अजून तेच प्रश्न मनात घेऊन हिंडतात.

मुलींना सांगायचे ते असे. नको वाटले तर नको म्हणायचे, लग्नानंतरसुद्धा. नको तो प्रसंग घडलाच तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मिळते, जितकी लवकर तितकी चांगली, पण ती नेहमी घ्यायची नव्हे. गर्भ पाडायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून कधीही घेऊ नयेत. रक्त जाऊन जिवावर बेतते. कायद्याच्या मुदतीत डॉक्टरांकडून गर्भपात करून घेता येतो, आणि लग्न झालेले नाही म्हणून मुलीला त्यातून वगळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. हे सांगितल्याने मुली बिघडतील असे ज्यांना वाटते, त्यांनी न सांगितल्याने काय होते तेही बघावे.

सरकारने २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम काढला, पण तो १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी. विसाव्या वर्षाला लागलेल्या मुलाने कुठे जायचे? त्याच्यासाठी आपण करू या. मुलींसाठी बाई डॉक्टर, मुलांसाठी पुरुष डॉक्टर, अशा दोन वेगळ्या बैठका, आणि आयांची तिसरी. कारेगावच्या खोल्यांतल्या मुलामुलींनाही बोलवायचे. नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न टाकायचा. डबा मी घरून आणते, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा आहे, झाकणाला फट पाडायची तेवढी राहिली आहे. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी आज जाताना चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.