बाईंचा लाल शाईतला प्रश्न
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा आग्रह होता, "तू कॉलेजात शिकवतोस, आता आपली मुलंही कॉलेजात गेली आहेत. निबंध कसा लिहावा यावर बोल." बोलतो; पण सुरुवात आपल्या दहावीच्या वर्गापासून करतो.

सहामाहीला मी संतांवर चार पानी निबंध लिहिला होता. ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंत कुणालाही सोडलं नव्हतं. बाईंनी खाली लाल शाईत एकच ओळ लिहिली : "सगळं खरं, पण तुझं म्हणणं काय?" मार्क निम्मे. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून कबूल करतो, तो राग मी बरीच वर्षं सांभाळला. पुढे प्रबंधाचं पहिलं प्रकरण मार्गदर्शकांनी परत केलं, तेव्हा त्यांचाही प्रश्न तोच निघाला. त्या दिवशी राग गेला.

बाई जे मागत होत्या त्याला इंग्रजीत 'थीसिस स्टेटमेंट' म्हणतात. आपण मध्यवर्ती विधान म्हणू. सगळा निबंध जे पटवून देण्यासाठी उभा असतो, ते एक वाक्य. 'संतांचं कार्य' हा झाला विषय. 'संतांनी समाजाला दिशा दिली' हे वाक्य आहे, पण त्याला 'नाही' कोण म्हणणार? ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, ते सिद्ध करायला चार पानं कशाला?

आता न्यायमूर्ती रानडे पाहा. ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यात मराठ्यांचा उदय सह्याद्रीतल्या वाळक्या गवताला लागलेल्या वणव्यासारखा दाखवला होता. रानड्यांनी 1900 साली आलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात उलट बाजू मांडली. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं : मराठ्यांचा उदय हा अपघात नव्हता, संतांनी जातीची धार बोथट केली आणि लोकभाषेला बळ दिलं, त्यामुळे जमीन आधीच तयार झाली होती. यात दावा आहे, 'कारण' आहे आणि वादाला जागाही आहे. राजवाड्यांनी तो वाद घातलाच. वारकरी संतांनी समाज निवृत्त केला, बळ दिलं ते रामदासांच्या महाराष्ट्रधर्मानं, असं ते म्हणाले. माझ्या निबंधात हे सगळे संत होते, फक्त हा वाद नव्हता.

मुलांना मी चार गोष्टी सांगतो. विषयाला आधी प्रश्न विचारा. त्याचं उत्तर एका वाक्यात लिहा आणि पुढे 'कारण' जोडा. मग समोर राजवाडे बसले आहेत असं समजा. ते काय म्हणतील, आणि त्यावर तुमच्याकडे पुरावा काय? शेवटी प्रत्येक परिच्छेदाला विचारा, तू या वाक्यासाठी काय करतोस? जो गप्प बसेल तो कितीही सुंदर असला तरी काढा.

आणखी एक. पहिल्या दिवशी लिहिलेलं विधान कच्चंच असतं. वाचता वाचता पुरावा दुसरीकडे नेऊ लागला तर विधान बदलायचं, पुरावा नाही. माझ्या प्रबंधाचं विधान तीनदा बदललं. लाज वाटली नाही. उलट आपण खरंच काही शोधतोय असं वाटलं.

मुलांना हे समजायला अवघड जात नाही, धीर होत नाही. 'नाण्याला दोन बाजू असतात' असं लिहून मोकळं होणं सोपं. आपणही तेच करत होतो, कारण चुकलो तर वर्ग हसेल ही भीती होती. दोन्ही बाजू पाहायच्याच. पण पाहून झाल्यावर आपण कुठे उभे आहोत हे सांगायला हवं. तुमची मुलं निबंध दाखवायला आणतील तेव्हा शुद्धलेखन नंतर तपासा. आधी विचारा, "तुझं म्हणणं काय?" आणि ते आपल्याला पटलं नाही, तरी पूर्ण ऐकून घ्या.

बाई, तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आज हे दिलं. मार्क किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.