पत्ते पुन्हा हातात घेताना



१९८२ साली ज्या नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली, तिथं ‘मी टॅरो शिकते’ म्हटलं की भुवया उंचावणारच. बरोबरच आहे. पत्ते भविष्य सांगत नाहीत.

मीही हौसेनं सुरुवात केली. ७८ पत्त्यांचे अर्थ परीक्षेसारखे पाठ करू लागले आणि दोन महिन्यांत कंटाळले. त्यातच शेजारणीनं विचारलं, ‘‘ताई, आमचे हे दारू सोडतील का, बघा ना.’’ मला लाज वाटली. पत्ते कपाटात गेले.

पुढं कळलं, १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या संचाची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईनं काढली. संच मात्र प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावानं ओळखला गेला. तिला मोबदला थोडका मिळाला; १९५१ मध्ये ती कर्जातच वारली. पण पत्त्यांच्या कोपऱ्यात तिची बारीकशी सही आहे. ती शोधायला पत्ते काढले आणि पहिल्यांदाच चित्रं नीट पाहिली.

आता रोज एकच पत्ता पाहते, मनात येईल ते वहीत लिहिते. पाठांतर बंद.

परवा शेजारीण आली. बाकावर बसून एकेक नाणं घडवणाऱ्या कारागिराचा पत्ता तिच्यापुढं ठेवला. ‘‘काय दिसतं?’’

ती म्हणाली, ‘‘माझी शिलाई मशीन कधीची बंद पडून आहे.’’

मग आम्ही तिच्या मशीनबद्दल बोललो. शिकताना हौस विरली, तर स्वतःला दोष देऊ नका. आपण कशासाठी शिकतोय, तेवढं एकदा तपासा.