आजोबांची बाटली, नातवाचा डोळा

वसंतातल्या व्याख्यानमालेत डोळ्यांच्या एका अशा आजाराबद्दल बोलायला हरकत नाही, ज्याच्या नावातच वसंत आहे. डॉक्टर त्याला ‘वर्नल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वसंतातला. ऊन तापलं, धूळ उडाली की शाळकरी मुलं डोळे चोळू लागतात. त्यात मुलींपेक्षा मुलगे जास्त. डोळे लाल, चिकट तार येणारी घाण, आणि खाज अशी की चोळल्याशिवाय राहवत नाही. (गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी बसणाऱ्याचे डोळेही चुरचुरतात, पण तो धुराचा त्रास. ही मात्र ॲलर्जी.)

करवीर तालुक्यातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणावं. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फ्रिजच्या दारात ड्रॉपची अर्धी बाटली उरलेली. नातू डोळे चोळत येतो. आई म्हणते, “आजोबांची सूज उतरली न्हवं ह्यानं? मग घाल की दोन थेंब.”

आईचा तर्क अगदीच अडाणी नाही. किटोरोलॅक नावाचं औषध खरोखरच दोन्हीकडे चालतं. अमेरिकेत 1992 मध्ये त्याच्या 0.5 टक्क्याच्या थेंबांना परवानगी मिळाली ती ॲलर्जीच्या खाजेसाठी. मोतीबिंदूनंतरच्या सुजेसाठी ते नंतर वापरात आलं. सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणंच ते रोखतं. थेंब पडताच झोंबतं, आणि ॲस्पिरिननं दमा उसळणाऱ्यांनी त्यापासून जपायला हवं.

पण आजोबांच्या बाटलीत किटोरोलॅकच असेल असं नाही. बहुतेकदा त्यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड.

स्टिरॉइडनं नातवाची खाज दोन दिवसांत पळते. घर खूश. मग दर उन्हाळ्यात तीच बाटली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय. आतल्या आत डोळ्याचा दाब वाढत जातो, त्यातून काचबिंदू होऊ शकतो. दुखत नाही, लालही होत नाही, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. शिवाय स्टिरॉइड दीर्घकाळ घातल्यानं मोतीबिंदूही होतो. आजोबांना सत्तरीत झालेला, नातवाला शाळेतच.

थेंब घालण्यातही गंमत आहे. एका थेंबात साधारण 40 ते 50 मायक्रोलिटर औषध असतं. डोळ्यात मावतं जेमतेम 30. म्हणजे दुसरा थेंब गालासाठी. खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दोनेक मिनिटं दाबावा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटलीचं टोक पापणीला लावू नये.

आज घरी गेल्यावर फ्रिजचं दार उघडून बघाच. उघडून महिना झालेली बाटली टाकून द्या. नावात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिसलं आणि ते नातवाच्या डोळ्यात गेलं असेल, तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन त्याच्या डोळ्याचा दाब तेवढा मोजून घ्या.